लोखंडाच्या म्युझियममध्ये तलवार नंतर ठेवा, आधी स्लॅग ठेवा

परवा आमच्या एका ग्रुपवर विषय निघाला की नागपूरला पाहुणे आले तर त्यांना दाखवायला नवीन काय असावं. मी आपलं नेहमीचं टाकलं, लोखंडाचं म्युझियम. हसण्याच्या इमोजी आल्या, एकाने विचारलं "भंगारचं का बे?", आणि गाडी परत फुटाळ्याच्या कारंज्यावर गेली. ग्रुपवर लांबलचक लिहिलं की लोक वाचत नाहीत म्हणून इथे लिहितोय, इथे निदान कोणी मला म्यूट करत नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. विदर्भात, त्यातही नागपूरच्या आजूबाजूला, अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी लोक लोखंड नुसतं वापरत नव्हते, ते दगडातून काढत होते. याचा पुरावा जमिनीतून निघालाय, त्यावर रिपोर्ट छापून झालेत, अभ्यास करणाऱ्यांना हे सगळं पाठ आहे. पण ही गोष्ट खाणीतल्या दगडापासून कुऱ्हाडीच्या धारेपर्यंत एका छताखाली सांगणारी, फक्त लोखंड गाळण्यालाच वाहिलेली जागा आपल्याकडे माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि दुसरं म्हणणं जरा भांडणाचं आहे. अशी जागा उद्या झालीच तर तिच्या मधोमध तलवारी, भाले, खंजीर नकोत. मधोमध स्लॅग हवी. म्हणजे लोखंड काढून झाल्यावर उरलेली मळी, जी तेव्हाही लोकांनी फेकूनच दिली होती.

आधी थोडं मागचं सांगतो. काटोल रोडने शहराबाहेर पडलं की जुनापाणीची शिळावर्तुळं लागतात. मोठमोठे काळे धोंडे गोलात मांडलेले, मधे माती-मुरूम भरलेला, काही धोंड्यांवर बारीक बारीक खळगे कोरलेले. एकट्या जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत, आणि हे सगळं थडग्यांचं काम. अशी मोठ्या धोंड्यांची थडगी बांधायचे त्या काळाला महापाषाणयुग म्हणतात. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात कापसाचा कमिशनर असलेला रिव्हेट-कार्नॅक नावाचा साहेब इथे खणून गेला, १८७९ मध्ये त्याने त्यावर लेख छापला, आणि सापडलेल्या काही लोखंडी वस्तू आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कापूस बघायला नेमलेला माणूस थडगी उकरून गेला, आता काय बोलणार.

मी एकदा तिथे धोंड्यांचे फोटो काढत होतो तर बकऱ्या चारणारे एक काका येऊन उभे राहिले.

"काय पाहून राहिले भाऊ?"

"गोटे पाहून राहिलो काका, लय जुने आहेत."

"मंग नेऊन राहिले का?"

म्हटलं नाही हो, फोटोच काढून राहिलो. "फोटोच काढा मंग," काका म्हणाले, "बाकीचे तर ट्रॅक्टर घेऊन येतात."

नीट, शास्त्राला धरून काम झालं ते नंतर. पुरातत्त्वाचे अभ्यासक शां. भा. देव नागपूर विद्यापीठात असताना त्यांनी १९६७ ते ६९ मध्ये टाकळघाट-खापा खणलं, मग १९७० नंतर माहुरझरी. पुढे १९७८ ते ८० मध्ये डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याने मिळून नायकुंड खणलं, त्यात देव आणि अ. प्र. जामखेडकर होते. माहुरझरीला माणसाबरोबर घोडाही पुरलेला सापडला, त्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने सापडले. या सगळ्या थडग्यांमधून लोखंड किती प्रकारचं निघालंय बघा, कुऱ्हाडी, छिन्न्या, भाल्यांची टोकं, बांगड्या, घोड्याच्या लगामाच्या कड्या, आणि लोखंडी पातं पण मूठ मात्र तांब्याची असलेले खंजीर.

यातली कुऱ्हाड मला सगळ्यात जास्त आवडते, जरा जवळून बघा कधी. आजच्या कुऱ्हाडीला दांडा घालायला भोक असतं, तसं हिला नाही. पातं लांबट, सपाट, आणि वरच्या अंगाला लोखंडाच्या पट्ट्या आडव्यातिडव्या आवळून बसवलेल्या, म्हणजे दांडा आणि पातं एकमेकांना धरून राहावं. भोक पाडणं हे लोहाराला सगळ्यात कटकटीचं काम, जाड लोखंड लाल करून त्यात पंच मारायचा, कडा फाटू द्यायच्या नाहीत, तर या लोकांनी ते टाळून पट्ट्यांचा मार्ग काढला आणि तो विदर्भात ठिकठिकाणी सापडतो, खाप्याला सापडतो, माहुरझरीला सापडतो, नायकुंडला सापडतो. म्हणजे ही एका कोणाची डोकॅलिटी नाही, ती या भागातली रीतच होती. आता ही कुऱ्हाड काचेच्या कपाटात ठेवतात आणि खाली कार्ड लावतात, 'लोखंडी कुऱ्हाड, महापाषाणयुग'. झालं. पोरं येतात, अर्धा सेकंद बघतात, पुढे जातात, आणि त्यांचा काही दोष नाही, कारण गंजलेलं एक पातं बघून माणसाला कळणार काय!

कळायला भट्टी लागते. आणि भट्टी नायकुंडला आहे, म्हणजे होती.

नायकुंड हे पारशिवनी तालुक्यातलं गाव, पेंच नदीच्या काठी. इथलं विशेष असं की शिळावर्तुळंही आहेत आणि त्याच लोकांची वस्तीही आहे, नाहीतर बऱ्याच ठिकाणी मेलेले सापडतात आणि जिवंत कुठे राहायचे तेच लागत नाही. त्या वस्तीत लोखंड गाळायची भट्टी निघाली, साधारण इसवी सनाआधीच्या सातव्या शतकातली. आपल्या देशात ज्या जुन्यात जुन्या भट्ट्या नीट खणून नोंदवल्या गेल्यात त्यांच्यात हिचं नाव घेतात. छोटीशी, गोल, वाकदार विटांनी रचलेली, सोबत भात्याच्या मातीच्या नळ्या आणि स्लॅग. वाकदार विटा हे मला फार भारी वाटतं. घराच्या भिंतीची उरलेली वीट आणून लावलेली नाही, भट्टी गोल होणार, ती केवढी होणार, हे आधी ठरवून त्या मापाची वीट पाडलेली आहे. म्हणजे हे काम करणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चित्र तयार होतं, आणि ते काही पहिल्याच प्रयोगात तयार होत नसतं.

आता आत काय चालायचं ते सांगतो, कारण इथेच सगळी गंमत आहे आणि इथेच आपल्याकडचे बोर्ड एका ओळीत विषय गुंडाळतात, 'लोखंड वितळवण्याची भट्टी' म्हणून. अहो, वितळवण्याची नाही! शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, अशा छोट्या भट्टीत हाताने किंवा पायाने भाता मारून साधारण बाराशेच्या आसपास जाता येतं, थोडं इकडेतिकडे. म्हणजे लोखंड त्या भट्टीत कधी पातळ झालंच नाही. तांब्याचं वेगळं, ते १०८५ ला पातळ होतं, ओतता येतं, म्हणून ते माणसाला आधी जमलं. लोखंडाचं कसं असतं, की दगडात लोखंड ऑक्सिजनला चिकटून बसलेलं असतं, तो ऑक्सिजन काढून घेणारा कोणीतरी पाहिजे. लाकडी कोळसा जळताना हवा मुद्दाम मोजकी दिली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, आणि तो वर चढता चढता दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो, दगड घन असतानाच. उरतं लोखंड, बारीक बारीक कणांचं. मग दगडातली जी वाळू, माती असते तिचं काय करायचं? तर ती थोडं लोखंड स्वतःसोबत घेते, आणि ते मिश्रण मात्र बाराशेच्या आसपास पातळ होतं आणि खाली वाहून जातं. ती स्लॅग. म्हणजे भट्टीत वितळते ती घाण, लोखंड नाही. लोखंड वरच राहतं, एकमेकांना चिकटत, छिद्राछिद्रांचा एक ओबडधोबड गोळा होतो, भट्टी फोडून तो लालभडक असतानाच बाहेर काढायचा आणि ऐरणीवर ठेवून घण मारत सुटायचं, की आत अडकलेली उरलीसुरली स्लॅग पिळून बाहेर पडावी. तो गोळा पुन्हा तापव, पुन्हा ठोक, पुन्हा तापव. यात वजन भरपूर घटतं. कुऱ्हाडीपर्यंत पोचायला असा सगळा प्रवास आहे.

आणि हे सगळं डोळ्याने, कानाने. थर्मामीटर नाही, गॅस मोजायला काही नाही. हवा जास्त झाली की तयार झालेलं लोखंड परत जळून स्लॅगमध्ये जातं, कमी झाली की स्लॅग घट्ट होऊन नळीचं तोंड बुजवते आणि भट्टी थंड पडते. ज्वाळेचा रंग, नळीतून येणारा आवाज, भात्याला लागणारा जोर, यावर तो माणूस आत काय चाललंय ते ओळखायचा. इंजिनिअरिंगला मेटलर्जी शिकलेले माझे काही मित्र आहेत, त्यांच्यातल्या एकाने शेतावर अशी भट्टी लावून बघितली होती, दिवसभर कोळसा जाळून हातात आला तो काळा दगड, लोखंड नावाला. तो म्हणाला डिग्री परत करावीशी वाटली.

म्हणून म्हणतो, स्लॅग ठेवा मधे. स्लॅगचा तुकडा कधी हातात घेतलाय का? दिसायला दगड, पण उचलला की हात खाली जातो एवढी जड. एका बाजूला गुळगुळीत वळ्या असतात, गुऱ्हाळात काकवी सांडून तिथेच गार झाली की दिसते अगदी तशा, आणि त्या वळ्यांवरून ती कुठून कुठे वाहिली ते आजही दिसतं. दुसऱ्या बाजूला कोळशाचे ठसे, कधी कधी लाकडाची रेघ न् रेघ उमटलेली. फोडली तर आत काळी चमक आणि हवेचे बुडबुडे. लोखंडी वस्तू गंजते, अडीच हजार वर्षांत आपल्या पावसाळ्यात तिची पार पापडी होते, पण स्लॅग तशीच्या तशी राहते, तिला काही होत नाही. आणि तिच्यात सगळा हिशोब लिहिलेला असतो. तिच्यात किती लोखंड राहून गेलं यावरून कळतं की काम किती सफाईने झालं, तिची घडण मायक्रोस्कोपखाली बघून भट्टी किती तापली होती आणि कशी गार झाली ते कळतं, तिच्यातली इतर द्रव्यं बघून दगड कोणत्या भागातला असावा याचा अंदाज लागतो. कुऱ्हाड फक्त एवढंच सांगते की कोणाकडे तरी कुऱ्हाड होती, आणि ती बाहेरून विकत घेतलेलीही असू शकते. तेव्हा स्लॅग कोणी विकत घेत नव्हतं, कोणी दुसऱ्या गावाहून वाहून आणत नव्हतं. जिथे स्लॅग, तिथे काम झालं. तिच्या खालोखाल भात्याच्या नळीचा तुकडा, ज्याचं एक टोक साध्या भाजक्या मातीचं लाल आणि जे टोक आगीत होतं ते वितळून हिरवट-काळ्या काचेसारखं झालेलं. वीतभर तुकड्यात आतलं आणि बाहेरचं जग एकत्र असतं.

हे मी हवेत बोलत नाहीये, जगात हे करून दाखवलेलं आहे. पोलंडमध्ये श्विएन्तोक्षिस्कीचे डोंगर म्हणून भाग आहे, तिथे नोवा स्वुपिआ नावाचं छोटं गाव आहे, आणि १९६० मध्ये त्यांनी काय केलं तर उत्खननात सापडलेल्या भट्ट्यांच्या बुडांवरच म्युझियमची इमारत उभी केली, म्हणजे वस्तू उचलून कपाटात नेल्या नाहीत, कपाटच वस्तूंवर आणून ठेवलं. तिथल्या भट्ट्या वेगळ्या जातीच्या, जमिनीत खड्डा, वर मातीचं धुराडं, स्लॅग खड्ड्यात उतरून जमायची, शंभर-शंभर किलोचा एकेक ठोकळा, भट्टी एकदाच वापरायची आणि सोडून द्यायची. त्यामुळे वरचं सगळं गेलं आणि खड्ड्यातले ठोकळे तेवढे राहिले, ओळीने, रांगेत, मधे ये-जा करायला वाट सोडलेली. त्या डोंगरात अशा भट्ट्या लाखांनी होत्या असं तिथले अभ्यासक धरतात. वॉर्सॉजवळ प्रुश्कूव्हला याच विषयावरचं दुसरं म्युझियम आहे, १९७५ चं, तिथल्या परिसरात दीड लाखाच्या आसपास भट्ट्यांचा अंदाज आहे. म्हणजे एका देशात दोन म्युझियम, फक्त या कचऱ्यावर! नोवा स्वुपिआला तर १९६७ पासून उन्हाळ्यात जत्राच भरते, लोकांसमोर भट्टी पेटवतात. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तिथल्या धातुशास्त्रवाल्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले तरी जुन्या लोकांसारखी स्लॅग खड्ड्यात नीट उतरवणं त्यांना सहजासहजी जमलं नाही. हे ते लपवत नाहीत, आणि मला त्यांचं तेच आवडतं.

आपल्याकडे तर नागपूरच्या म्युझियमचं आणि लोखंडाचं नातं त्याहून जुनं आहे, पण ते कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चं. जमशेदजी टाटांना पोलादाचा ध्यास लागला तो आपल्याच भागावरून, १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजावर रिपोर्ट आला होता, तो त्यांनी वाचला. दगड उत्तम होता, पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा नव्हता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा नागपूरला आले, ज्यांना भेटायचं होतं ते साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालवायला समोरच्या म्युझियममध्ये शिरले, आणि तिथे मध्य प्रांताचा भूगर्भ नकाशा टांगलेला होता त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण त्यांना दिसली. तिथून शोध दल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत गेला. टाटांचा कारखाना शेवटी तिकडे झाला नाही, तो जमशेदपूरला झाला, पण दल्ली-राजहराचाच दगड नंतर भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागला. सरकारी ऑफिसात साहेब जागेवर नसण्याचा देशाला एवढा फायदा झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

आणि दोराबजी नकाशा बघत होते तेव्हा त्याच मध्य प्रांतात, मंडला-बालाघाटकडे, अगरिया नावाचे आदिवासी लोक मातीच्या भट्टीत लोखंड काढतच होते. पायाने दाबायचे दोन भाते, वर चामडं, एकावर एक पाय आलटूनपालटून, आणि भाता परत वर उचलायला बांबूची काठी वाकवून बांधलेली. त्यांचे देव बघा, लोहासुर, अग्यासुर, कोयलासुर, म्हणजे दगड, आग आणि कोळसा, तिघांशिवाय भट्टी चालत नाही आणि तिघांपैकी एक रुसला तरी गोळा बिघडतो. नायकुंडची माणसं आणि अगरिया यांच्यात सरळ नातं आहे असं मी म्हणत नाही, मधे अडीच हजार वर्षं गेलीत. पण भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस काय करतो, किती दमतो, हे समजून घ्यायला दुसरं कुठे जायचं? जंगलाचे कायदे आले, बाजारात कारखान्याचं स्वस्त लोखंड आलं आणि ते काम बसत गेलं. या लोकांकडून भट्टी लावून घेतली पाहिजे, नीट मानधन देऊन, त्यांच्या नावाने, आणि दरवर्षी. नुसता पुतळा करून त्याच्या हातात भाता देऊन उपयोग नाही, असे पुतळे फार झाले, सगळ्यांचे चेहरे सारखेच असतात.

म्युझियममध्ये आणखी काय हवं म्हणाल तर एक खोली आजच्यासाठी हवी. चंद्रपूर-घुग्घुसकडे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, गडचिरोलीत सुरजागडला खाण आहे. स्पंज आयर्न म्हणजे काय, तर दगड न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून घेणं. मूळ रसायन नायकुंडचंच आहे, फक्त भात्याच्या जागी मोठी फिरणारी भट्टी आली. पोरांना हे एका ठिकाणी दाखवलं तर नववी-दहावीच्या पुस्तकातला तो 'क्षपण'चा धडा एकदाचा डोक्यात शिरेल. आणि याच खोलीत जंगलाचाही हिशोब मांडा, तेव्हाचाही आणि आताचाही, कारण गोळ्याच्या कित्येक पट वजनाचा कोळसा लागायचा आणि तो झाडांतूनच यायचा. तिथल्या आजच्या लोकांचं खाणीबद्दल काय म्हणणं आहे तेही भिंतीवर येऊ द्या, गोडगोड करू नका. कपाटातली लेबलं मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि ती लिहायला कुठल्यातरी लोहाराला सोबत बसवा एवढंच.

आणि तोपर्यंत, विदर्भात कोणाच्या शेतात नांगरताना जड काळे दगड वर येत असतील तर लगेच फेकू नका, पण पिशवीत भरून घरीही आणू नका. तो तुकडा कुठे, किती खोल, कशाशेजारी होता यातच त्याची अर्धी किंमत असते. जागेवर फोटो काढा, लोकेशन टाका, आणि विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. फसायला मात्र होतं. रस्त्याच्या भरावात कारखान्याची स्लॅग सर्रास टाकतात, आणि मुरमाड जमिनीत लोखंडी खडेही असतात, त्यामुळे नुसता जड आणि काळा एवढ्यावर जाऊ नका. चुंबकाचाही फार भरवसा नाही, काही जुनी स्लॅग अगदी हलकी ओढते आणि आपला काळा बसाल्टसुद्धा थोडाफार ओढतोच. वाहिल्याच्या वळ्या आहेत का बघा, कोळशाचे ठसे आहेत का बघा. मी स्वतः आधी आजूबाजूला भात्याची नळी शोधतो, एका टोकाला काच झालेला लाल मातीचा तुकडा, कारण तशी नळी रस्त्याच्या ठेकेदाराच्या ट्रकमधून येत नाही.